परदेशी एमएस : तीन पर्याय आणि एक सामाईक सातबारा

कातळफूल (२४ मार्च, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी देवगड तालुक्यातली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून कॉम्प्युटरचं बी.ई. केलं, सीजीपीआय ८.१. मग दोन वर्षं पुण्याच्या एका कंपनीत डेटाबेसच्या टीममध्ये नोकरी, त्यातलं शेवटचं वर्ष घरूनच. यंदा परदेशात एमएससाठी अर्ज केले.

अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालाय. दोन वर्षांचा कोर्स. फी आणि राहणं धरून वर्षाला ४८ हजार डॉलर लागतील असं त्यांनीच लिहून पाठवलंय, आणि त्यांच्याकडून मदत शून्य. दुसरं पत्र कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान विद्यापीठाचं. ही थिसिसवाली एमएससी. प्राध्यापकांनी स्वतः मेल केलं, वर्षाला २४ हजार कॅनेडियन डॉलर देणार, त्यातूनच फी भरायची. क्यूएसच्या (जगभरच्या विद्यापीठांच्या रँकच्या) यादीत हे नाव शोधताना बोट दुखतं. तिसरा पर्याय जर्मनी. तिथला अर्ज अजून करायचाय, पण एपीएस सर्टिफिकेट (आपली कागदपत्रं तपासल्याचा जर्मनीसाठीचा दाखला) हातात आलंय.

बाबांची हापूसची कलमं आहेत. सीझन चालू आहे, त्यामुळे घरात काही बोलायचं तर पेट्या भरता भरताच. ते म्हणतात तू रँक बघ, पैशाचं मी बघतो. काल आंबा पुसता पुसता हळूच म्हणाले, "खालची बाग काढू वाटलं तर." मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

अमेरिकेला १५ एप्रिलपर्यंत कळवायचंय. तुम्ही कसं ठरवलंत? मी कसं ठरवू?

तिरफळ (२४ मार्च, रात्री ११:५२)

पेटी कशी दिलीत यंदा?

(हलकेच घ्या. जाणकार येतीलच. मी तळलेले गरे घेऊन बसलोय.)

बर्फातला_मालवणी (२५ मार्च, सकाळी ६:१०)

अभिनंदन. मी २०१४ पासून अमेरिकेत आहे, एमएस करूनच आलो. माझं मत सरळ आहे, अमेरिका.

कारण कोर्स संपल्यावर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायचे, १२ महिने मिळतात, आणि आपल्या विषयाला स्टेमचे (विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांचे) आणखी २४. म्हणजे तीन वर्षं कमवायची मुभा. बरी नोकरी लागली तर कर्ज त्यातच पुष्कळसं फिटतं. इथे पगाराचं छत उंच आहे, तेवढं दुसरीकडे नाही.

पण कुणी सांगत नाही ते सांगतो. ऑगस्टमध्ये उतरायचं आणि सप्टेंबरात लगेच पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी करिअर फेअर. अजून तुम्हाला दूध कुठे मिळतं ते माहीत नसतं आणि हातात रेझ्युमे घेऊन रांगेत उभं राहायचं. ओपीटी चालू झाल्यावर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही. त्यामुळे पहिली दोन सत्रं अभ्यास कमी, लीटकोड (मुलाखतीसाठी कोडिंगचा सराव) जास्त.

घाटमाथा (२५ मार्च, सकाळी ९:३०)

मालवणी बुवा, २०१४ ची अमेरिका आणि आत्ताची, फरक आहे. एच-वन-बी, म्हणजे तिथला नोकरीचा व्हिसा, वर्षाला ६५ हजार अधिक तिथल्या मास्टर्सवाल्यांना २० हजार, आणि तेही सोडतीवर. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्याला ती रक्कम लागत नाही असा खुलासा नंतर आला, पण नियम असे रातोरात फिरतात हे तर दिसलं ना?

हिशेब करा. ६० लाख कर्ज, ११ टक्के, दहा वर्षं. हप्ता महिन्याला ८२ हजारांच्या वर. डॉलरमध्ये नोकरी लागली तर काहीच नाही. परत यायची वेळ आली तर पुण्याच्या पगारात हा हप्ता आणि घरभाडं, दोन्ही बसवून दाखवा.

डिग्रीच हवी असेल तर जॉर्जिया टेक ह्या अमेरिकी विद्यापीठाचं ऑनलाइन एमएस २०१४ पासून चालू आहे. सगळा कोर्स सात-आठ हजार डॉलरच्या आसपास. देवगडात बसून करा, आंबेही खा.

बर्फातला_मालवणी (२५ मार्च, सकाळी १०:०५)

आणि जूनमध्ये लाईट गेल्यावर परीक्षा कंदिलावर?

ऑनलाइन पदवी चांगलीच आहे, नाकारत नाही. पण तिच्यावर व्हिसा नाही, कॅम्पस नाही, करिअर फेअर नाही. प्रश्न बाहेर जाण्याचा आहे.

आजोबा_कट्टा (२५ मार्च, सकाळी १०:४०)

गो बाय, जर्मनीत मासळी गावता काय ता आधी इचार. आमचो नातू थंय आसा. तो म्हणता गावता, पण काटो नाय आणि चवय नाय. बांगडो खंयच गावणा नाय.

आणि बापाशीक सांग, कलमा इकू नको. आमच्या शेजाऱ्यान झिलाच्या शिक्षणाक बाग इकल्यान. आता थंय रिसॉर्ट झालो आणि वॉचमन तेकाच आत सोडणा नाय.

तिरफळ (२५ मार्च, सकाळी १०:४४)

आजोबांना +१००. धागा इथेच संपवला तरी चालेल.

आंबोळी (२५ मार्च, दुपारी २:१५)

नातू मीच का अशी शंका आली, पण माझे आजोबा इंटरनेटवर नाहीत. :)

मी जर्मनीत आहे, मास्टर्स गेल्या वर्षी संपलं. "जर्मनी फुकट" हे अर्धं खरं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त सत्राची वर्गणी. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो आहेत. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून नव्यांना मास्टर्ससाठी सत्राला चार ते सहा हजार युरो लावले. शिवाय व्हिसाआधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो ठेवायचे. ते तुमचेच असतात, महिन्याला ९९२ असे परत मिळतात. पण आधी उभे करावे लागतात.

खरी गोम क्रेडिटमध्ये आहे. ते तुमचा सीजीपीआय बघतात त्याआधी तुमचा अभ्यासक्रम मोजतात. गणिताचे इतके, थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्सचे इतके, अशी अट प्रत्येक ठिकाणी वेगळी. आपल्याकडे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, ई-कॉमर्स असले पेपर ढीगभर आणि थिअरीतला ऑटोमाटा एका सत्रापुरता. माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा, ९.३ वाला, चार ठिकाणी ह्याच कारणाने गळला. सिलॅबसची पीडीएफ उघडा आणि वहीत मांडणी करा. अर्जाचे पैसे त्यानंतर.

नोकरीसाठी पदवीनंतर १८ महिने मिळतात. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, मी तेवढ्यावर राहण्याचा खर्च बऱ्यापैकी काढला. पण कोर्स इंग्रजीत असला तरी लहान कंपन्यांतल्या मुलाखती जर्मनमध्ये होतात. जर्मनची बी-वन पातळी येईपर्यंत मी आठ महिने नुसते नकार गोळा केले. आणि दोन वर्षांचा कोर्स अडीच वर्षं चालतो, त्यात कुणाला लाज वाटत नाही.

सोलकढी (२५ मार्च, दुपारी ३:२०)

आमची लेक यूकेत एमएससी करते आहे. एकच वर्ष, त्यामुळे पटकन उरकतं हे खरं. पण सप्टेंबरात गेली, जानेवारीत परीक्षा, उन्हाळ्यात प्रोजेक्ट. श्वास घ्यायला वेळ नाही, नोकरी शोधायला कुठून? नंतरचा दोन वर्षांचा व्हिसाही जानेवारी २०२७ पासून दीड वर्षाचा होणार. तुम्ही तिकडे अर्ज केला नाहीत ते बरंच.

रच्याकने (बाय द वे), आम्ही कन्सल्टंटकडून केलं. तो आमच्याकडून एक पैसा घेत नव्हता, माणूस फार चांगला.

घाटमाथा (२५ मार्च, दुपारी ३:३१)

सोलकढीताई, चांगला असेलच. पण त्याचे पैसे विद्यापीठ देतं. यूके, ऑस्ट्रेलियातली पुष्कळ विद्यापीठं एजंटाला विद्यार्थ्यामागे कमिशन देतात. म्हणून त्याच्या भिंतीवर जर्मनीच्या सरकारी विद्यापीठाचं पोस्टर क्वचितच दिसेल. तिथून त्याला काही सुटत नाही.

सोलकढी (२५ मार्च, दुपारी ३:४०)

अगंबाई. म्हणून तो जर्मनीचं नाव काढलं की भाषेचं भय घालायचा!

कोर्टकचेरी (२५ मार्च, रात्री ९:००)

कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही. धाग्याच्या नावात सातबारा दिसला म्हणून आलो. कातळफूल, सातबाऱ्यावर नावं किती?

कातळफूल (२५ मार्च, रात्री ९:२५)

सव्वीस. त्यातली सात माणसं हयात नाहीत. एक काका बोरिवलीला, एकाचा पत्ताच नाही. बाग बाबा कसतात, पण कागदावर सगळ्यांची.

कोर्टकचेरी (२५ मार्च, रात्री ९:५०)

मग "बाग काढू" हे वडील बोलले तरी इतक्यात होणारं नाही, तेवढ्यापुरतं निर्धास्त राहा. आधी मयतांच्या वारस नोंदी, मग वाटप, मग मोजणी. १५ एप्रिल सोडा, हे सगळं व्हायला १५ वा आंब्याचा सीझन उजाडेल.

तारण म्हणूनही ती जमीन बँक सहसा घेत नाही. कारण २००२ चा सरफेसी कायदा. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला त्याने मिळतो, पण शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. बँकेला असल्या कागदाचा उपयोग काय? त्यांना एनए (बिगरशेती) प्लॉट नाहीतर शहरातला फ्लॅट लागतो. गावठाणातलं घर, नुसत्या घरपट्टीच्या उताऱ्यावरचं, तिथेही मॅनेजर तोंड वाकडं करतो.

साधारण साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. त्यावर गेलात की तारण, किंवा मग खासगी फायनान्स कंपनी आणि तिचा चढा व्याजदर. कोकणातली निम्मी मुलं ह्या दुसऱ्या दारातून जातात. हुशारी कमी पडते म्हणून नाही, पणजोबांनी वाटणी केली नाही म्हणून.

तिरफळ (२५ मार्च, रात्री १०:०२)

आमच्याकडे चाळीस नावं आहेत. पार्टी द्या.

चुलीवरची_भाकरी (२५ मार्च, रात्री १०:१५)

आमच्याकडे कुळाचीही नोंद आहे वर. पुढे बोला.

*(ह्यापुढचे अकरा प्रतिसाद सातबारा, कूळकायदा आणि बोरिवलीचे काका ह्यांवर होते. ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. — संपादक)*

मुचकुंदी (२७ मार्च, सकाळी ७:५०)

उशिरा आले. मूळ प्रश्नाकडे वळू.

मी एका विद्यापीठात शिकवते, त्याआधी बाहेर पीएचडी केली. कातळफूल, तुम्ही तीन देश मांडलेत, फी मांडलीत, रँक मांडलीत. शिकायचं काय हे एका ओळीतही नाही. "डेटाबेसच्या टीममध्ये" हे दोन शब्द ओझरते आले तेवढेच.

रँकचं आधी उरकते. क्यूएसच्या यादीत मोठा वाटा नावलौकिकाचा, म्हणजे प्राध्यापकांना आणि कंपन्यांना विचारलेल्या मताचा. सीएसरँकिंग्ज म्हणून दुसरी यादी आहे, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अमहर्स्टमधल्या एमरी बर्गर ह्यांनी बनवलेली. ती मतं विचारत नाही. निवडक परिषदांमध्ये कोणत्या विभागाच्या प्राध्यापकांचे किती पेपर आले ते मोजते. तिथे डावीकडे फक्त "डेटाबेसेस" एवढीच खूण ठेवून बघा, यादी पार उलटीपालटी होते. पण तीही पेपरच मोजते. त्या प्राध्यापकाचं दार एमएसच्या विद्यार्थिनीला उघडं असतं का, हे कुठलीच यादी सांगत नाही. दोनशे जणांच्या कोर्सवर्क एमएसमध्ये नामवंत प्राध्यापक तुम्हाला पहिल्या बाकावरूनच दिसणार.

कॅनडातल्या थिसिस एमएससीची पद्धत वेगळी. तिथे प्राध्यापक तुम्हाला निवडतात आणि पैसे बहुधा त्यांच्याच ग्रँटमधून येतात. म्हणून माणूस तपासायचा. त्यांचे गेल्या तीन वर्षांतले पेपर उघडा. सगळे समजले नाहीत तरी चालेल, पण वाचताना "पुढे काय केलं असेल" असं वाटतं का ते बघा. त्यांच्या पानावर जुन्या विद्यार्थ्यांची नावं असतील. ते आता कुठे आहेत, एमएससीला दोन वर्षं लागली की साडेतीन, मधेच कुणी सोडून गेलं का. आत्ता असलेल्या दोघांना मेल करा. आणि प्राध्यापकांना थेट विचारा, पुढचं वर्ष ते सब्बॅटिकलवर (शिकवण्यातून लांब रजेवर) तर नाहीत ना. हे विचारल्याने कुणी रागावत नाही. रागावले तर तेही कळलेलं बरं.

आणखी एक. १५ एप्रिलचा धसका घेऊ नका. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांनी मान्य केलेला तो ठराव आर्थिक मदत देऊ केलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यांच्यावर त्याआधी उत्तराची घाई लादू नये म्हणून. तुम्हाला मदत शून्य आहे. मुदत वाढवून मागा, आणि त्याच पत्रात विचारा की एमएसवाल्यांना टीएशिप (प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करायचं पगारी काम) पहिल्या वर्षी मिळते का.

आंबोळी (२७ मार्च, सकाळी ८:३०)

मुचकुंदीताईंना अनुमोदन. मी हे काहीच न करता गेले होते. पहिला महिना म्युझियममध्ये फिरल्यासारखा गेला.

बर्फातला_मालवणी (२७ मार्च, सकाळी ९:१०)

ताईंचं म्हणणं रिसर्च करणाऱ्यांसाठी ठीक. पण दहातले आठ जण नोकरीसाठी एमएस करतात, हे आपण मान्य करणार आहोत का? लहान गावातलं लहान विद्यापीठ, कंपन्या येतात किती?

मुचकुंदी (२७ मार्च, सकाळी ९:४०)

मान्य आहे. म्हणूनच त्या आठांतल्या की दोघांतल्या हे तिने आधी सांगावं.

कातळफूल (२८ मार्च, रात्री १२:३०)

दोन दिवस तोडणीची माणसं होती, उत्तर द्यायला उशीर झाला.

मुचकुंदीताई, तुमचा प्रतिसाद वाचून जरा राग आला होता. मग लक्षात आलं की माझ्या तिन्ही एसओपीमध्ये (अर्जासोबतच्या निबंधात) मी "एआय" लिहिलंय, कारण सगळे तेच लिहितात. खरं म्हणजे कंपनीत मला एकाच कामात मजा आली. एक क्वेरी चाळीस मिनिटं चालायची. पोस्टग्रेस ह्या डेटाबेसचा प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) टेबलं जोडायचा क्रम चुकीचा निवडत होता, कारण कुठल्या टप्प्यावर किती ओळी येतील हा त्याचा अंदाजच चुकत होता. तीन रात्री बसून ते शोधलं. क्वेरी चौदा सेकंदांवर आली. कुणाला सांगायला गेले तर कुणाला त्यात काही वाटेना.

कॅनडाच्या प्राध्यापकांचे पेपर बघितले. तीनपैकी दोन ह्याच अंदाजावर आहेत. म्हणजे माझ्या एसओपीतलं एआय त्यांनी सोडून दिलं आणि शेवटच्या परिच्छेदातलं हे उचललं असणार.

मुचकुंदी (२८ मार्च, सकाळी ६:५५)

असणारच. एआयचे परिच्छेद आम्ही दिवसाला पन्नास वाचतो.

घाटमाथा (२८ मार्च, सकाळी ८:२०)

छान. पण भावनेत वाहून जाण्याआधी पैसे. कॅनडाच्या स्टडी परमिटला पहिल्या वर्षाची फी आणि वर राहण्याचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. तुमची फी किती?

कातळफूल (२८ मार्च, सकाळी ८:४५)

नऊ हजारच्या आसपास.

घाटमाथा (२८ मार्च, सकाळी ९:०५)

म्हणजे एकूण सुमारे ३२ हजार. स्टायपेंडचं पत्र २४ हजारांचं. उरले आठ हजार, म्हणजे पाच लाख रुपये आणि वर थोडे. विमान आणि थंडीचे कपडे वेगळे धरा. हे साडेसात लाखांच्या आत बसतं, कोर्टकचेरी साहेबांच्या सव्वीस नावांना हात न लावता. मी विरोधात होतो, पण ह्या आकड्याला माझा विरोध नाही.

चुलीवरची_भाकरी (२८ मार्च, सकाळी ११:००)

जे. एन. टाटा एंडोमेंटचं बघा. १८९२ पासून परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देतात. यंदाची मुदत त्यांच्या साइटवर तपासा. माझ्या वहिनीला मिळाली होती. मुलाखतीत तिला विषयापेक्षा परत कशी फेडणार हेच जास्त विचारलं.

कातळफूल (९ एप्रिल, रात्री ११:१५)

सांगितलेलं सगळं केलं, म्हणून कळवायला आले.

अमेरिकेकडून उत्तर आलं. मुदत दोन आठवडे वाढवली, टीएशिप पहिल्या वर्षी एमएसवाल्यांना नाही. जर्मनीसाठी वहीत मांडणी केली, आवडलेल्या तीनपैकी दोन ठिकाणी गणिताचे क्रेडिट कमी पडतात. तिसरीकडे बसते.

कॅनडाच्या दोन विद्यार्थ्यांना मेल केलं. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसरी इराणची आहे, तिने व्हिडिओ कॉलच केला. सर दर आठवड्याला भेटतात, पण पेपरच्या मुदतीच्या आधी रात्री दोनला मेल पाठवतात. खोल्या महाग आहेत, चौघींनी मिळून घर घ्यावं लागतं. बर्फ एप्रिलपर्यंत. आधीच्या एमएससीवाल्यांपैकी दोघं डेटाबेस बनवणाऱ्या कंपन्यांत, एक तिथेच पीएचडीला, आणि एक दीड वर्षात सोडून गेला, का ते तिला माहीत नाही. पदवीनंतर तीन वर्षांचं वर्क परमिट मिळतं हेही तिच्याकडून कळलं. मास्टर्सचा कोर्स दोन वर्षांहून कमी असला तरी तीनच.

आज संध्याकाळी सरांना हो कळवलं.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे शिकायचं तू आणि पैसे ते देणार?" तीनदा विचारलं. मग म्हणाले, रँक किती? मी खरा आकडा सांगितला. ते बराच वेळ गप्प बसून पेटीत गवत पसरत राहिले. आई म्हणाली, आता त्यांना शेजारी विचारतील त्याची काळजी लागली.

बर्फातला_मालवणी (१० एप्रिल, सकाळी ५:४५)

अभिनंदन. माझं मत बदललेलं नाही, तुम्ही अमेरिका सोडताय ही चूक आहे. पण जॅकेट आपल्याकडून घेऊन जाऊ नका, तिथेच घ्या. आपल्याकडचं त्या थंडीत सोवळ्यासारखं वाटेल.

आजोबा_कट्टा (१० एप्रिल, सकाळी ७:३०)

पूर्व किनारो म्हणजे दर्या आसा मा थंय? मग बरा झाला. मासळी गावतली.

मुचकुंदी (१० एप्रिल, सकाळी ८:००)

मनापासून अभिनंदन. मेलला उत्तर न देणाऱ्या त्या दुसऱ्या विद्यार्थ्याला पुन्हा एकदा लिहा. आणि स्टायपेंड किती महिन्यांसाठी आहे ते पत्रात नीट लिहून घ्या. "साधारण दोन वर्षं" असं तोंडी नको.

तिरफळ (१० एप्रिल, सकाळी ८:२०)

सगळं झालं. पेटी कशी दिलीत ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

कातळफूल (१० एप्रिल, सकाळी ८:५०)

यंदा थ्रिप्सने पहिला मोहोर खाल्ला, माल कमी आहे. पाच डझनी पेट्या थोड्या शिल्लक आहेत, पुण्यापर्यंत पोचवू. व्यनि (खासगी निरोप) करा. पैसे आगाऊ लागतील, बँकेत दाखवायचेत.